परका आणि अपराधी

१८ ऑगस्ट २०२२ हा दिवस आमच्या रायगडच्या किनाऱ्यावरील लोक सहसा विसरणार नाहींत. दुसऱ्या दिवशीं दहींहंडी होती. अशा वेळीं श्रीवर्धन तालुक्यांत हरिहरेश्वराच्या किनाऱ्याला एक नौका येऊन लागली. तींत माणूस नव्हता. होत्या त्या तीन ए. के. ४७ बंदुका आणि काडतुसें. पाहतां पाहतां नाकेबंदी झाली, मोटारी तपासल्या जाऊं लागल्या, मुंबईपर्यंत धोक्याची सूचना गेली. किनाऱ्यावरच्या प्रत्येकाच्या मनांत एकच प्रश्न होता : आंतलीं माणसें उतरलीं कोठें?

त्याच दिवशीं उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं विधिमंडळांत खुलासा केला. नौका एका ऑस्ट्रेलियन बाईंच्या मालकीची होती. मस्कतहून युरोपकडे जातांना जून महिन्यांत तिचें इंजिन बिघडलें. आंतल्या खलाशांना कोरियाच्या एका युद्धनौकेनें वांचविलें, आणि रिकामी नौका वाऱ्यालाटांबरोबर वाहत वाहत आमच्या दारीं आली. जीं माणसें कधीं आलींच नव्हतीं, त्यांचे अपराध आम्ही अर्धा दिवस मनांत मोजीत होतों.

हा प्रसंग मी हंसण्यासाठीं सांगत नाहीं. भीतीला कारण होतें. दुधानें तोंड पोळलें म्हणजे माणूस ताकहि फुंकून पितो, आणि आमच्या किनाऱ्याचें तोंड एकदां चांगलेंच पोळलेलें आहे. त्याविषयीं पुढें बोलेनच. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनांत घोळत राहिला. परवान्यावांचून देशांत शिरलेल्या लोकांमुळें गुन्हे वाढतात काय? हा वाद आज घरोघर चालतो. पनवेल, उरणकडे एखादा बांगलादेशी इसम कागदपत्रांवांचून पकडला गेल्याची बातमी आली, कीं आगगाडीच्या डब्यांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, चोऱ्यामाऱ्या वाढल्या त्या यांच्यामुळेंच. दुसरा म्हणतो, बिचारे पोटासाठीं येतात, त्यांच्या नांवानें उगाच ओरड. दोघेहि तावातावानें बोलतात आणि दोघांच्याहि हातीं पुरावा थोडा असतो.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेंत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेला मनुष्य. माझ्याजवळ विद्वत्तेचा अधिकार नाहीं. तरी मास्तराला दोन गोष्टी येतात : एक साधें गणित, आणि दुसरी आपल्या गांवाची जुनी हकीकत. या दोन गोष्टी घेऊनच मी आज आपल्यासमोर आलों आहें.

प्रथम गणित पाहूं. प्रमाण काढावयाचें तर अपूर्णांक मांडावा लागतो. वर अंश, खालीं छेद. अमुक लोक अधिक गुन्हे करतात असें म्हणावयाचें तर त्यांनीं केलेले गुन्हे वर लिहावे आणि त्यांची एकंदर संख्या खालीं लिहावी. आतां छेदाची स्थिति अशी, कीं जो मनुष्य लपून आला त्याला शिरगणतींत कोण मोजणार? २००४ सालीं केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनीं राज्यसभेंत सांगितलें, कीं देशांत बेकायदा आलेले बांगलादेशी सुमारे १ कोटि २० लाख आहेत. आणि पुढें लवकरच सरकारनें तो आंकडा मागें घेतला. २०१६ सालीं त्याच पदावरील दुसऱ्या मंत्र्यांनीं त्याच सभागृहांत २ कोटि ही संख्या सांगितली. छेदच जेथें एवढा हालतो, तेथें भागाकार काय कामाचा?

अंशाचीहि तीच अवस्था आहे. परवान्यावांचून येणें हा स्वतःच एक गुन्हा आहे. १९२० चा पासपोर्टचा कायदा आणि १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा यांनीं तो गुन्हा ठरविला, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्या जागीं आलेल्या नव्या कायद्यानेंहि तो कायम ठेवला आहे. तेव्हां अशीं शंभर माणसें पकडलीं, कीं शंभर गुन्हे नोंदले गेले. मग त्यांतील एकानेंहि कोणाच्या गंजीफ्रॉकाला हात लावलेला नसो. ते शंभर गुन्हे चोरी-दरोड्याच्या रकान्यांत मिळवून बोलणें हें गणित नव्हे. उलट बाजूनेंहि एक चूक होते. जो मनुष्य पोलिसांना भितो, त्याला कोणीं मारलें, मजुरी बुडविली, त्याच्या बायकोला छळलें, तरी तो चौकीची पायरी चढत नाहीं. असे गुन्हे घडतात, पण कोठल्याच वहींत चढत नाहींत.

गणित असें अडलें म्हणजे जुन्या हकीकतींकडे वळावें. आमच्या किनाऱ्याइतका या प्रश्नाला अनुभवी प्रदेश महाराष्ट्रांत दुसरा नसेल. १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा जिल्हा म्हणत, त्या या मुलखाला खाड्या पुष्कळ, बंदरें पुष्कळ, आणि समुद्रावाटे आलेले पाहुणेहि पुष्कळ. कांहीं बोलावल्यानें आले, कांहीं न बोलावतां आले, कांहीं तरवार घेऊन आले, तर कांहींच्या अंगावर वस्त्रहि धड नव्हतें.

अलिबागेच्या उत्तरेस नवगांव म्हणून खेडें आहे. बेने इस्रायल लोकांची परंपरा अशी, कीं फार पुरातन काळीं त्यांचें तारूं येथें खडकांवर फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. बुडालेल्यांना जेथें पुरलें असें मानतात, तेथें आज त्यांचें स्मारक उभें आहे. तो काळ कोणता याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. पण त्या चौदा जणांजवळ कोणत्याहि राजाचा परवाना नव्हता, हें सांगावयास पंडित नको. त्यांची भाषा निराळी, देव निराळा, शनिवारीं काम न करण्याची रीत निराळी. गांवानें त्यांना काय केलें? घाणा चालवूं दिला. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणूं लागले. पुढें गांवावरून आडनांवें पडलीं : नवगांवकर, रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर. याच दिवेकरांपैकीं सामाजी हसाजी यांनीं १७९६ सालीं मुंबईंत त्या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधविलें. १९३७ सालीं मुंबईचे महापौर झालेले डॉक्टर मोझेस याच समाजाचे. १९४८ नंतर यांतील बहुतेक मंडळी इस्रायलास गेली; तेथेंहि मराठी बोलणारीं घरें आहेत. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें येथें उरलेल्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. इतक्या शतकांत या परक्यांमुळें किनारा चोरांचा झाला असें कोणीं म्हटल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

दुसरें गांव कोरलई. रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशीं, डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशीं तें वसलें आहे. पोर्तुगीजांनीं १५२१ च्या सुमारास चौलास पाय रोवला आणि १७४० सालीं मराठ्यांच्या स्वाधीन करून ते निघून गेले. सत्ता गेली, पण त्यांच्या पदरची गरीब ख्रिस्ती प्रजा मागें राहिली. पराभूत परक्यांचीं माणसें म्हणून त्यांना हांकून देतां आलें असतें. तसें झालें नाहीं. आज पावणेतीनशें वर्षांनंतरहि त्या गांवांतल्या घरांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणानें झालेली एक बोली कानीं पडते, आणि तींच माणसें बाजारांत आपल्याशीं अस्सल कुलाबी मराठींत भाव करतात.

येथें कोणी म्हणेल, मास्तर सोयीचीं तेवढींच उदाहरणें सांगतात. मुरुडच्या जंजिऱ्याचे सिद्दी परकेच ना? आफ्रिकेंतून आलेल्या त्या लढवय्यांनीं हा किनारा पिढ्यान् पिढ्या जाळला, लुटला. खरी गोष्ट आहे. त्यांना आळा घालण्यासाठीं शिवाजी महाराजांनीं जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभा केला. पण सिद्दी लपून शिरले नव्हते. निजामशाहीनें त्यांना चाकरीस ठेवलें, मग ते आदिलशाहीचे आणि त्यानंतर मोंगलांचे आरमारी सरदार झाले. त्यांच्या लुटीमागें परकेपणा नव्हता, दौलतीची सनद होती. गरीब आश्रित आणि सशस्त्र सरदार यांना एकाच मापानें मोजूं नये, एवढाच याचा अर्थ.

आणि बेकायदा म्हणजे तरी काय, याचाहि धडा आमच्याच समुद्रानें घालून दिला आहे. पोर्तुगीजांनीं हिंदी महासागरांत 'कार्ताझ' नांवाचा परवाना काढला. ज्या जहाजाजवळ तो नसेल तें जप्त करावयाचें. म्हणजे बापजाद्यांपासून या पाण्यांत वावरणारा आमचा व्यापारी एका कागदाअभावीं रातोरात गुन्हेगार झाला. पुढें कान्होजी आंग्र्यांनीं तोच न्याय उलटविला. त्यांनीं आपलें दस्तक चालू केलें, आणि तें न घेणाऱ्या इंग्रजांचीं व पोर्तुगीजांचीं जहाजें ते धरूं लागले. इंग्रज त्यांना 'चांचा' म्हणत; आम्ही सरखेल म्हणतों. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज या दोघांनीं मिळून कुलाब्याच्या किल्ल्यावर चाल केली आणि हात हालवीत परत गेले. समुद्र तोच, जहाजें तींच. परवाना कोणाचा चालतो यावर चोर कोण आणि साव कोण हें ठरत होतें.

मी येथें कायद्याची टवाळी करीत नाहीं. आपल्या दारांतून कोण आंत आला हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक घराला आहे, तसाच तो देशालाहि आहे. माझें म्हणणें एवढेंच, कीं परवाना नसणें हा एक अपराध आहे आणि चोरी करणें हा दुसरा. पहिल्यावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढतां येत नाहीं. शेजारच्या नेपाळशीं १९५० सालीं झालेल्या तहामुळें नेपाळी मनुष्य पासपोर्टावांचून येतो, नोकरी करतो. कोंकणच्या बंदरांत तांडेलाच्या हाताखालीं नेपाळी खलाशी आपण पाहतों. त्याच्याइतकाच गरीब, त्याच्याइतकाच कष्टाळू बांगलादेशी मात्र बेकायदा ठरतो. भेद दोन सरकारांच्या करारांत आहे. दोघांच्या स्वभावांत आहे असें म्हणावयास आधार नाहीं.

जन्मावरून आणि भटकेपणावरून गुन्हेगारी ठरविण्याचा प्रयोग आपल्या देशांत एकदां होऊन गेला आहे. तो किनाऱ्यापुरता नव्हता, साऱ्या देशावर झाला. तरी तो येथें सांगणें प्राप्त आहे. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यालाहि लागूं झाला. पारधी, कैकाडी, भामटे अशा फिरस्त्या जातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यांत आलें. सोलापुरास त्यांच्यासाठीं तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. हजेरी दिल्यावांचून हलण्याची सोय नव्हती. आतां असें पाहा. गांवांत चोरी झाली. पोलीस कोणाकडे जाणार? ज्यांचीं नांवें वहींत आधींच आहेत त्यांच्याकडे. मग पकडलेल्यांत तेच अधिक दिसणार, आणि ते अधिक दिसतात म्हणून वही खरी ठरणार! हें रहाट ऐंशी वर्षें फिरत राहिलें. स्वतंत्र भारतानें ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द केला. तरी कागदावरून पुसलेला शिक्का त्या लोकांच्या कपाळावरून अद्याप पुरता पुसला गेलेला नाहीं. परक्या माणसाविषयीं घाईनें बोलतांना आपल्याच या देशबांधवांची आठवण ठेवावी.

आतां ज्या आगीनें आमचें तोंड पोळलें तिच्याकडे येतों. सरकारनें १९६३ सालीं सोन्यावर नियंत्रण घातलें. १९६८ सालीं त्याचा पक्का कायदा झाला. बायकांच्या गळ्यांतील सोन्याची हौस कायद्यानें कमी होईना. दुबईकडून गलबतें रात्रीबेरात्रीं कोंकणच्या खाड्यांत येऊं लागलीं. गलबतावरचा माल डोक्यावरून वाहून आणणारे, बैलगाडी-ट्रक देणारे, वाट दाखविणारे आणि डोळे मिटून बसणारे हे सारे परके नव्हते. तो एक स्थानिक धंदाच होऊन बसला. पुष्कळांना तो पापहि वाटेना. सोन्यानें कोणाचा जीव थोडाच जातो, असें ते म्हणत. १९९० सालीं सोनेनियंत्रणाचा कायदा गेला, १९९२ पासून आयातीचीं दारें उघडूं लागलीं, आणि या धंद्यांतला नफा ओसरला. पण वाटा राहिल्या, वाटाडे राहिले, लांच घेण्याची संवय राहिली.

आणि १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारींत त्याच वाटांनीं दिघी बंदरांत आणि श्रीवर्धन तालुक्यांतील शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रें आणि आर. डी. एक्स. उतरलें. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत स्फोट झाले. २५७ माणसें मेलीं. खटला वर्षानुवर्षें चालला. विशेष न्यायालयानें शंभर जणांना दोषी ठरविलें, आणि २१ मार्च २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अखेरचा निकाल दिला. शिक्षा झालेल्यांत माल उतरविणारे होते, वाहून नेणारे होते, आणि जकात खात्याचे अधिकारी व किनाऱ्यावरील पोलीसहि होते. पैसे घेऊन त्यांनीं ट्रक सोडले होते. कट परदेशांत शिजला, माल परदेशांतून आला, हें सत्य आहे. पण दार बाहेरून फोडलें गेलें नाहीं. आंतून कडी काढून देण्यांत आली. कडी काढणाऱ्यांजवळ या देशाचीं सर्व कागदपत्रें होतीं, कांहींच्या अंगावर तर सरकारी गणवेषहि होता.

येथें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें मला प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं कराचीहून दहा जण आले. त्यांनीं वाटेंत 'कुबेर' नांवाची गुजराती मच्छीमार नौका धरली, तिच्यावरील माणसें मारलीं, आणि मुंबईस मच्छीमार वसाहतीजवळ उतरून पुढें जें केलें तें सर्वांना ठाऊक आहे. बेकायदा प्रवेश याहून भयंकर असूं शकत नाहीं. त्यानंतर आमच्या कोळी बांधवांना ओळखपत्रें मिळालीं, किनाऱ्यावरचा पहारा वाढला, तें योग्यच झालें. खोटीं कागदपत्रें करून देणारे आणि माणसांची चोरटी ने-आण करणारे दलाल हेहि खऱ्या गुन्हेगारीचे कारखाने आहेत. लपून राहणाऱ्याला या दलालांच्या मुठींत राहावें लागतें, आणि अशा जगण्यांतून कांहीं जण वाईट मार्गाला लागतात, हेंहि नाकारतां येणार नाहीं. परंतु ठरवून शस्त्र घेऊन आलेला शत्रु आणि वीटभट्टीवर विटा वाहणारा मजूर यांना एकाच नांवानें हांक मारली, तर शत्रूला शोधणें सोपें न होतां उलट अवघडच होतें. कारण मजुरांच्या गर्दींत तो लपतो, आणि भ्यालेला मजूर पोलिसांना कांहीं सांगावयास येत नाहीं.

हा वाद केवळ आपलाच आहे असेंहि नाहीं. अमेरिकेंत इटालियन आणि पूर्व युरोपियन लोकांचे लोंढे आले, तेव्हां तेथेंहि हीच ओरड झाली. तेथील लोकसभेनें नेमलेल्या एका मंडळानें १९११ सालीं अहवाल दिला, कीं आगंतुकांमुळें गुन्हे वाढल्याचा समाधानकारक पुरावा मिळत नाहीं. १९३१ सालीं दुसऱ्या सरकारी मंडळानेंहि परदेशांत जन्मलेल्यांचे गुन्हे संख्येच्या मानानें कमीच आढळल्याचें सांगितलें. टेक्सस संस्थानांत पकडलेल्या प्रत्येकाचा परवाना तपासला जातो, म्हणून तेथील २०१२ ते २०१८ पर्यंतच्या नोंदी २०२० सालीं संशोधकांनीं तपासल्या. त्यांत गंभीर गुन्ह्यांसाठीं पकडले जाण्याचें प्रमाण बेकायदा आलेल्यांत तेथें जन्मलेल्यांपेक्षां कमी निघालें. हें वाचून पहिल्या पक्षानें हार मानावी असें मात्र नाहीं. स्वीडनच्या सरकारी अहवालांत परदेशांत जन्मलेल्यांचें संशयितांतील प्रमाण अधिक दिसतें; वय, उत्पन्न वगैरे गोष्टी हिशेबांत घेतल्या म्हणजे तफावत कमी होते, पण पुरती जात नाहीं. यावरून मला इतकेंच कळतें, कीं 'परका गुन्हेगार असतो' हें जसें खोटें, तसें 'परका कधींच गुन्हेगार नसतो' हेंहि खोटें. कोण आला, कोणत्या वयाचा आला, त्याला काम मिळालें कीं नाहीं, आणि त्याला कोणीं हाताशीं धरलें, यावर सारें अवलंबून आहे. सरसकट उत्तर या प्रश्नाला नाहीं.

श्रोते हो, आतां एक गोष्ट सांगतों, आणि ती माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. फार वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा आला. त्याचे आईबाप दुसऱ्या प्रांतांतून वीटभट्टीवर कामाला आलेले. मराठी त्याला मोडकी येई, मुलें चिडवीत. त्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचे पैसे माझ्याकडे होते, ते हरवले. मधल्या सुटींत वर्गांत कोण होतें, अशी चौकशी झाली. तो होता, डबा नसल्यामुळें तो रोजच वर्गांत बसून राही. मीं त्याला मारलें नाहीं. मीं फक्त सर्वांसमक्ष त्याचें दप्तर उलटें केलें. त्यांतून एक पाटी, एक फाटकें पुस्तक आणि मुठींत मावतील एवढे भाजलेले चिंचोके पडले. त्यानें तें निमूटपणें गोळा केलें. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत आला नाहीं.

दुसऱ्या सहामाहींत आशिया खंड शिकवावयास मीं भिंतीवरचा नकाशा ठेवण्याची पत्र्याची नळी उघडली, तेव्हां पैशांचें पुडकें तींतून निघालें. घाईंत मींच तें तेथें खोंचून ठेवलें होतें. मी संध्याकाळीं भट्टीवर गेलों. हंगाम संपत आला होता. तीं माणसें दुसऱ्या भट्टीवर गेलीं होतीं. कोठें, तें कोणाला सांगतां आलें नाहीं. इतिहासाचा शिक्षक असून गुन्हेगार जमातींच्या कायद्याविषयीं मी मुलांपुढें तावातावानें बोलत असें. आणि माझ्या स्वतःच्या मनांत तीच वही उघडी होती, हें मला त्या दिवशीं कळलें. त्या वर्गांत चाळीस मुलें होतीं. एकोणचाळिसांचीं दप्तरें मीं उलटीं केलीं नव्हतीं.

म्हणून या वादांत मला पडावयाचें झालें, तर मी तीन गोष्टी सांगेन. दाराची राखण करावी, आणि ती प्रामाणिक माणसांनीं करावी. कारण आमच्या किनाऱ्यावर सर्वांत मोठा घात लांच घेतलेल्या राखणदारानें झाला आहे. जो परवान्यावांचून आला त्याची कायद्याप्रमाणें चौकशी व्हावी आणि त्याला परत पाठवावयाचें तर कायद्यानेंच पाठवावें. पण त्याच्या डोक्यावर न केलेल्या चोऱ्यांचें ओझें देऊं नये. आणि चोरी झाली म्हणजे चोर शोधावा. बोलीवरून, पेहेरावावरून, उपनांवावरून केलेला शोध सोपा असतो, पण त्यांत खरा चोर सुटून जाण्याचा संभव फार.

हरिहरेश्वराच्या किनाऱ्याला लागलेली ती नौका रिकामी होती. पुढची नौका रिकामी असेलच असें नाहीं. म्हणून डोळे उघडे ठेवलेच पाहिजेत. पण उघड्या डोळ्यांनीं माणूस पाहावा, आधींपासून मनांत काढून ठेवलेलें चित्र पाहूं नये. नवगांवच्या लोकांनीं त्या चौदा जणांकडे जसें पाहिलें, तसें आपल्याला पाहतां आलें तर बरें. मला तें एकदां साधलें नाहीं, म्हणूनच आज एवढें बोललों.